तेल आणि पाणी यांची फारकत



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही मंडळींना थोडी गंमत वाटली असेल. तेल आणि पाणी वेगळे करायला व्याख्यान कशाला हवे? ती दोघे मुळातच एकमेकांपासून फटकून राहणारी. आमटीवर तेलाचा तवंग आपोआप येतो; मिसळीवरची तर्री ज्याला नको असेल तो चमच्याने हलकेच बाजूला सारतो. जे स्वभावतःच वेगळे राहते ते वेगळे काढण्यात शास्त्र ते कोणते? शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर देण्यासाठी मला तुम्हांला एका लहानशा कारखान्यात न्यावे लागेल.

हा कारखाना माझ्या एका स्नेह्यांचा. सात-आठ लेथ, दोन मिलिंगची यंत्रे, पंधरा-वीस कामगार. लोखंड कातताना हत्यार तापते. ते निवावे आणि घर्षणही कमी व्हावे म्हणून त्यावर एका पांढऱ्या द्रवाची धार सोडलेली असते. कारखान्यात त्याला कूलंट म्हणतात. पाण्यात शेकडा पाचच्या प्रमाणात एक खास तेल मिसळले की हा द्रव तयार होतो, आणि दिसतो अगदी दुधासारखा. काही आठवड्यांनी तो नासतो, त्याला कुबट वास येऊ लागतो, लोखंडाचा बारीक कीस त्यात साचतो, आणि मग तो बदलावाच लागतो. स्नेह्यांनी मला कारखान्यामागे नेऊन अशा जुन्या द्रवाची पाच पिंपे दाखवली. म्हणाले, "मास्तर, महिन्याला हजार लिटर निघते हे. महिनाभर झाकून ठेवले तरी दुधासारखेच राहते, वर तेल काही येत नाही. शेजारचे म्हणतात, रात्री मागच्या नाल्यात सोडून द्या. पण नाल्याच्या खालच्या अंगाला वस्तीची विहीर आहे. तुम्हीच सांगा काय करू ते."

प्रथम ह्या पिंपांत काय आहे त्याचा हिशेब करू. शेकडा पाच तेल म्हणजे हजार लिटरांत पन्नास लिटर. वजनाने सांगायचे तर दर लिटरात सुमारे ४५,००० मिलिग्रॅम. आपल्याकडील पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस दर लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. केवळ पाणी घालून ही मर्यादा गाठायची म्हटले, तर त्या पाच पिंपांसाठी ४५ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. तशी पाणी घालून सुटका करून घेण्याला परवानगी नाही, ही गोष्ट वेगळीच. पण आकड्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते ध्यानात यावे.

आता मूळ प्रश्न. आमटीवर तेल येते, मग ह्या पिंपात का येत नाही? ह्याचे उत्तर थेंबाच्या आकारात आहे. १८५१ साली जॉर्ज स्टोक्स ह्या गणितज्ञाने, लंबकाच्या हेलकाव्यांना हवेचा अडथळा किती होतो ह्या भलत्याच प्रश्नाचा विचार करता करता, एक नियम मांडला. द्रवातून चढणाऱ्या किंवा बुडणाऱ्या बारीक गोळीचा वेग तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी. तेल पाण्यापेक्षा शेकडा दहाने हलके आहे असे धरून हिशेब केला, तर मिलिमीटरच्या एक-दशांश व्यासाचा थेंब एक मीटर पाणी अर्ध्या तासात चढून जातो. त्याच्या एक-दशांश व्यासाच्या, म्हणजे दहा मायक्रॉनच्या थेंबाला पन्नास तास लागतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो.) आणि एक मायक्रॉनच्या थेंबाला? सुमारे सात महिने. तेसुद्धा पिंप इतके निश्चल राहील तर! उन्हाने पिंपाची एक बाजू थोडी तापली तरी आतल्या पाण्यात जे मंद प्रवाह सुरू होतात, ते त्या थेंबाला खालीवर फिरवत ठेवायला पुरेसे असतात. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत लांबलचक हौद बांधून पाणी संथ वाहू देतात आणि वर आलेले तेल निपटून घेतात. ती पद्धत उत्तम आणि स्वस्त आहे. पण ते हौद साधारणतः दीडशे मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांसाठीच आखलेले असतात. आमच्या पिंपातले थेंब बहुतेक एका-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक.

बरे, बारीक तर बारीक. पण ते एकमेकांना मिळून मोठे का होत नाहीत? कारण कूलंटच्या तेलात मुद्दाम साबणाच्या जातीचे द्रव्य घातलेले असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे आणि दुसरे तेलात रमणारे. असे असंख्य रेणू थेंबाभोवती उभे राहतात. शेपटी आत तेलात, डोके बाहेर पाण्यात. ह्या डोक्यांवर बहुधा एकाच जातीचा विद्युत्भार असतो, त्यामुळे दोन थेंब जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात. अशा मिश्रणाला शास्त्रीय मराठीत पायस म्हणतात. दूध हेही पायसच. तेथे स्निग्धाच्या गोलिकांभोवती साबणाऐवजी निसर्गाने दिलेले वेष्टन असते. रवीने घुसळले की ती वेष्टने फाटतात, गोलिका एकमेकींना बिलगतात आणि लोणी वर येते. गंमत अशी, की ताकाच्या डेऱ्यात घुसळण्याने फारकत होते आणि कारखान्याच्या पंपात घुसळण्याने नेमके उलट, थेंब आणखी बारीक होतात. तेव्हा लोण्याची युक्ती येथे चालत नाही.

जुनी युक्ती निराळी आहे. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. तशीच पायसात तुरटीसारखी क्षारद्रव्ये किंवा आम्ल घालायचे. थेंबांवरचा विद्युत्भार नाहीसा होतो, थेंब एकत्र येतात आणि तेल सुटे होते. पुष्कळ ठिकाणी आजही हेच करतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्यातून तेलकट, चिकट गाळ निघतो. घातलेली द्रव्ये पाण्यात राहतात. शिवाय आज तेल एका कंपनीचे, उद्या दुसऱ्या; त्याप्रमाणे औषधाची मात्रा दर वेळी नव्याने ठरवावी लागते. काहीही न घालता, केवळ गाळून, हे तेल वेगळे करता येईल काय? येथे आपण आजच्या मुख्य विषयाशी येतो.

हे तत्त्व दाखवणारा एक प्रयोग घरी करता येतो. खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटाचे दोन तुकडे घ्या. एक तुकडा पाण्यात चिंब भिजवून दुहेरी करा आणि पेल्याच्या तोंडाशी ताणून बांधा; त्यावर हलक्या हाताने बोटाच्या पेराइतके गोडेतेल ओता. तेल वरच राहते. दुसरा तुकडा कोरडा घेऊन आधी तेलात भिजवा, आणि त्यावर थोडे पाणी ओता. आता पाणी वर राहते. कापड तेच, छिद्रे तीच. पहिल्या वेळी छिद्रांचा ताबा पाण्याने आधी घेतला होता, दुसऱ्या वेळी तेलाने. आणि ज्याचा ताबा त्याच्याच जातीला वाट मिळते. आता पहिल्या पेल्यावरच्या तेलात साबणाच्या पाण्याचे काही थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. रोखलेले तेल हळूहळू खाली झिरपू लागेल. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

असे का होते? तेलाच्या थेंबाचा पृष्ठभाग ताणलेल्या कातडीसारखा असतो. ओल्या छिद्रात शिरायचे तर थेंबाला त्या छिद्राइतके बारीक तोंड काढावे लागते, आणि पृष्ठभाग जितका अधिक वळवावा तितका अधिक दाब लागतो. हे गणित १८०५ आणि १८०६ साली इंग्लंडात टॉमस यंग आणि फ्रान्समध्ये लाप्लास ह्यांनी मांडून ठेवले आहे. एक मायक्रॉनच्या छिद्रात स्वच्छ पाण्यातला तेलाचा थेंब रेटायचा तर सुमारे १२ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब हवा. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी ठेवावी आणि तळमजल्यावर तोटी सोडावी तितका. छिद्र एक-दशांश मायक्रॉनचे केले, तर १२० मीटर. आणि पाण्यात साबण असेल तर? साबणाने तेल-पाण्यामधला ताण सहज दशांशावर येतो. मग त्याच एक-दशांश मायक्रॉनच्या छिद्राला पुन्हा १२ मीटरच पुरतात. अशा गाळणीचे पंप साधारणतः दहा ते पन्नास मीटरांच्या दाबाने चालतात. म्हणजे साबण असला की दरवाजा उघडलाच!

वाळू गाळणे आणि तेल गाळणे ह्यांतला फरक तो हाच. वाळूचा खडा छिद्राहून मोठा असला की तो अडला, विषय संपला. तेलाचा थेंब मात्र अंग चोरून, लांबट होऊन निसटू शकतो. म्हणून साबण असलेल्या पाण्यासाठी छिद्रे आणखी बारीक, मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, घ्यावी लागतात. तेथे साबण असूनही साठ मीटरांचा दाब लागतो आणि थेंब बाहेरच राहतो.

इतक्या बारीक छिद्रांची गाळणी कापडाची कशी असणार? ती पापुद्र्याची असते. ह्या पापुद्र्याला आपण पटल म्हणू. पटलाचा अभ्यास जुना आहे. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवले, आणि पाणी आत शिरून पापुद्रा फुगलेला पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बेखहोल्ड आणि झिग्मोंडी ह्यांनी हवी तितकी बारीक छिद्रे असलेली कृत्रिम पटले बनवली. पण एक अडचण राहिली होती. एकट्या छिद्राचा विचार केला तर त्याचा व्यास निम्मा केला की त्यातून येणारे पाणी सोळापट कमी होते. त्यातून पटल जाड असेल तर थेंबथेंब पाण्यासाठी दिवस काढावा. ह्यावर तोड निघाली ती १९६० च्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात, सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन ह्यांच्या हातून. त्यांनी असे पटल बनवले की त्याची वरची साय तेवढी अतिशय पातळ आणि बारीक छिद्रांची. खालचा सगळा भाग जाळीदार, सच्छिद्र, केवळ आधारापुरता. गाळण्याचे काम सायीने करायचे, भार खालच्या भागाने पेलायचा. त्यांना समुद्राच्या पाण्यातून मीठ काढायचे होते. पण तेल गाळणारी आजची बहुसंख्य पटले ह्याच घडणीची आहेत. काही पॉलिसल्फोनसारख्या प्लॅस्टिकची असतात, काही ॲल्युमिना किंवा झिर्कोनियाची, म्हणजे चिनी मातीच्या जातीची, भट्टीत भाजलेली. ह्या दुसऱ्या प्रकाराची कुळकथा विलक्षण आहे. युरेनियमच्या वायूतील दोन भाऊबंद वेगळे करण्यासाठी फ्रान्समध्ये अशी सच्छिद्र नळकांडी तयार करीत. ते काम आटोपल्यावर तीच विद्या दूध आणि सांडपाणी गाळण्याकडे वळली.

येथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. मलाही तारुण्यात तसेच वाटत असे. खरी अडचण येथून पुढे आहे, आणि ती ज्यांनी घरी श्रीखंडासाठी चक्का बांधला आहे त्यांना मी शिकवायची गरज नाही.

दही फडक्यात बांधून टांगले की पहिल्या घटकेत पाण्याची कशी धार लागते! मग थेंब पडू लागतात, आणि रात्री उशिरा पाहावे तर थेंब लोंबकळून राहिलेला, पडतच नाही. आत पाणी अजून पुष्कळ असते. मग अडले कोठे? फडक्याची छिद्रे तर तीच आहेत. अडले ते फडक्याला आतून चिकटलेल्या घट्ट थराशी. आता फडके नव्हे, तो थर गाळणीचे काम करीत असतो. जाणत्या बायका म्हणूनच फडके सोडतात, कडेचा चक्का खरवडून मध्ये घेतात आणि पुन्हा बांधतात. आणि उतावळा माणूस काय करतो? गाठोडे पिळतो. पिळल्याने क्षणभर पाणी येते, पण थर अधिकच घट्ट बसतो, आणि थोडे दही फडक्यातून बाहेरही येते.

तेल गाळणाऱ्या पटलाचे अगदी असेच होते. पाणी आरपार जाते, अडलेले थेंब पटलापाशी गर्दी करतात. काही तेथेच एकमेकांत मिसळून तेलाचा सलग पातळ लेप बनवतात. काही छिद्रांच्या तोंडात बूच मारल्यासारखे बसतात. मघाचा मांजरपाट आठवा. ओल्या कापडाचा ताबा पाण्याकडे होता. तेलाने पटलाचा एक भाग व्यापला की त्या भागाचा ताबा तेलाकडे गेला. मग तेथे पाणी अडणार आणि तेल वाट शोधणार. ह्याला कारखान्यात पटल चोंदणे म्हणतात. नवे पटल बसवल्यावर पहिल्या दिवशी पाणी भरभरून येते, मालक खूष होतो. आणि थोड्याच वेळात प्रवाह निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. मग पंपाचा दाब वाढवण्याचा मोह होतो. तो म्हणजे गाठोडे पिळणेच. ठरावीक मर्यादेपर्यंत संथपणे गाळले तर पटल दीर्घकाळ स्वच्छ राहते, आणि मर्यादा ओलांडली की फार लवकर चोंदते, हे गेल्या तीस-एक वर्षांतील प्रयोगांनी चांगले सिद्ध झाले आहे.

चोंदणे टाळण्याचा पहिला उपाय असा, की पाणी पटलावर सरळ दाबायचे नाही. त्याच्या अंगावरून आडवे, वेगाने वाहू द्यायचे. वाहत्या पाटात गाळ बसत नाही, साचलेल्या डबक्यात बसतो. पटले नळीच्या आकाराची असतात. पायस नळीतून सेकंदाला काही मीटर वेगाने धावते, त्यातले थोडे पाणी नळीच्या भिंतीतून पाझरून बाहेर येते, आणि उरलेले पुन्हा टाकीत जाऊन फिरत राहते. फेरीगणिक टाकीतले मिश्रण दाट होत जाते. ही कल्पना सुंदर आहे, पण फुकट नाही. इतके पाणी सतत फिरवायला वीज लागते. आणि शंभर लिटर फिरवावे तेव्हा लिटर-दोन लिटर गाळून मिळणार! शिवाय जोरदार पंपाच्या पात्यांखाली तेलाचे थेंब अधिकच फुटतात. म्हणून पंप निवडताना सांभाळावे लागते. दुसरा उपाय, मधूनमधून उलट बाजूने दाबाचा झटका देऊन बसलेला थर उडवणे. तिसरा, ठरल्या दिवशी दाहक सोडा आणि प्रक्षालक ह्यांच्या गरम पाण्याने पटल धुणे. भाजलेल्या मातीचे पटल अशा धुलाईला वर्षानुवर्षे दाद देते. प्लॅस्टिकचे पटल प्रत्येक धुलाईत थोडे म्हातारे होते. पण ते स्वस्त असते. ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न!

ह्या सगळ्यापेक्षा मुळाशी जाणारा उपाय म्हणजे पटलाचा पृष्ठभागच असा करणे की तेल त्याला चिकटूच नये. येथे शास्त्रज्ञांनी निसर्गाकडे पाहिले, आणि आधी एका दिशेने जाऊन मग उलट दिशेने वळले, हे मोठे मनोरंजक आहे. अळवाच्या पानावरचे पाणी आपल्या बोलण्यात केव्हापासून आहे. कमळाच्या पानाचे तसेच. ते न भिजण्याचे कारण पानावरची सूक्ष्म उंचसखल नक्षी आणि तिच्यावरचे मेण, असे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट ह्यांनी १९९७ साली सविस्तर दाखवले. २००४ साली चीनमधील लेइ च्यांग ह्यांच्या चमूने पोलादाच्या बारीक जाळीवर तसा लेप दिला. ह्या जाळीवरून पाणी मोत्यासारखे घरंगळे आणि तेल मात्र आरपार जाई. पण सांडपाण्यात तेल थोडे आणि पाणी फार असते. पाणी जड, ते खाली जाऊन जाळीवर पसरून बसते, आणि वरच्या तेलाला जाळीपर्यंत पोहोचूच देत नाही. शिवाय ज्या जाळीला तेल प्रिय, ती तेलानेच चोंदणार, हे उघड आहे.

मग लक्ष गेले माशाकडे. तेलाचा तवंग असलेल्या पाण्यातून पोहतानाही माशाच्या खवल्यांना तेल चिकटत नाही. खवल्यांवर पाणी धरून ठेवणारा ओशट थर असतो, आणि त्याच्या नक्षीत पाणी अडकून बसते. तेलाच्या थेंबाला खवल्याचा स्पर्शच होत नाही. मध्ये पाण्याची गादी असते. २०११ साली त्याच चमूने पाणी शोषणाऱ्या मऊ, फुगीर द्रव्याचा लेप दिलेली जाळी बनवली. पाणी तिच्यातून निघून जाई, तेल वर राही, आणि पाण्याखाली तेलाचा थेंब तिच्यावर गोटीसारखा फिरे. आज प्रयोगशाळांतून चाललेले बहुतेक काम ह्याच वाटेने आहे.

ह्याबद्दल वर्तमानपत्रांत मधूनमधून मोठे मथळे येतात. माझे मत विचाराल तर थोडे हात राखून बोलावेसे वाटते. प्रयोगशाळेतले तेल स्वच्छ, पाणी स्वच्छ, रंग मुद्दाम उठावदार, आणि प्रयोग पंधरा मिनिटांचा. कारखान्याच्या पिंपात तेलाबरोबर लोखंडाचा कीस, गंज, साबण, बुरशी आणि कोणीतरी टाकलेले विडीचे थोटूकही असते. पटलाची परीक्षा पहिल्या दिवशी नसून तिनशेव्या दिवशी असते.

पटलगाळणीचा उपयोग कोठे होतो ते आता पाहू. जहाजाच्या तळाशी यंत्रातले तेल आणि पाणी साचत राहते. आंतरराष्ट्रीय करारानुसार ते समुद्रात सोडण्यापूर्वी त्यातील तेल दहा लाख भागांत १५ भागांच्या आत आणावे लागते. साबणाने धुतलेल्या यंत्रघराचे पाणी असले तर केवळ हौदात ठेवून हे साधत नाही; मग शेवटच्या टप्प्याला काही जहाजांवर पटल बसवतात. तेलविहिरींचा प्रश्न त्याहून मोठा. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण जगातल्या कोणत्याही विहिरीतून नुसते तेल येत नाही. जसजशी विहीर जुनी होते तसतसे तेलाबरोबर पाणी अधिकाधिक येते, आणि पुष्कळ जुन्या क्षेत्रांत तर तेलापेक्षा पाणीच कितीतरी पट निघते. हे पाणी पुन्हा जमिनीखाली खडकात दाबून सोडायचे तर त्यातले तेलाचे थेंब काढावेच लागतात. कारण तो सच्छिद्र खडक म्हणजे एक प्रचंड गाळणीच आहे, आणि तीही चोंदते. तिला धुणे मात्र पटल धुण्याइतके सोपे नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर चित्रा आणि खलिजिया ह्या दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारे आठशे टन तेल समुद्रात सांडले. तेव्हापासून मला कितीदा तरी विचारले गेले आहे, की अशा वेळी ही पटले का वापरत नाहीत? उघड्या समुद्रावरचे तेल जाड थरात, लाटांवर पसरलेले असते. त्याला तरंगते अडसर घालून घेरणे आणि वरून उपसून घेणे हेच योग्य. पटलाचे काम त्यानंतरचे: उपसलेल्या तेलातून खाली उरलेले गढूळ पाणी परत सोडण्याजोगे करणे. हौद, तुरटी, पटल ह्यांचा क्रम लावायचा असतो. ज्याने ढोबळ काम स्वस्तात होते त्याला ते आधी करू द्यावे.

आणि पटल काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ते थेंब अडवते. पाण्यात जे विरघळले आहे ते, म्हणजे सुटा साबण, क्षार, बेन्झीनसारखी विषारी द्रव्ये, त्याच्या छिद्रांतून बिनबोभाट निघून जातात. पटलातून आलेले पाणी काचेसारखे नितळ दिसते म्हणून ते पिण्याजोगे होत नाही. त्याच्यावर जिवाणूंची किंवा कोळशाची पुढची प्रक्रिया करावीच लागते. दुसरे, पटल तेल नाहीसे करीत नाही. ते फक्त एका ठिकाणी आणते.

आता आमच्या पिंपांकडे परत येऊ. हजार लिटरांत पन्नास लिटर तेल. पटलातून फिरवत फिरवत मिश्रण निम्मे तेल होईपर्यंत दाट केले, तर शंभर लिटर दाट द्रव टाकीत उरेल आणि नऊशे लिटर पाणी बाहेर येईल. एक चौरस मीटर पटलातून तासाला तीस लिटर पाणी मिळते असे धरले, तर हे काम तीस तासांचे. स्नेह्यांनी हिशेब ऐकला, दोन दिवस विचार केला, आणि एक लहानसे यंत्र बसवले. वर तरंगणारे तेल आधी काढायला एक साधे पिंप, लोखंडाचा कीस धरायला लोहचुंबक आणि कापडी पिशवी, आणि मग पटल. पाणी वसाहतीच्या सामाईक शुद्धीकरण केंद्राकडे जाऊ लागले.

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला, की यंत्र बिघडले. प्रवाह चांगला आहे, पण पाणी दुधाळ येते. मी गेलो. पटल फाटलेले नव्हते, दाब ठरल्याप्रमाणेच होता. मग सगळी मंडळी बोलावून, गेल्या आठवड्यात काय काय झाले ते विचारले. एक वयस्कर कामगार म्हणाला, "साहेब, दसऱ्याची साफसफाई होती. साबणाच्या चुऱ्याने सगळी फरशी घासली, आणि ते पाणी त्याच खड्ड्यात सोडले. तेलकट पाणी तेथेच टाकायचे ना?" त्याची काही चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मांजरपाटावरच्या तेलात साबणाचे चार थेंब टाकावेत, तसे हे झाले होते. टाकीतले मिश्रण वेगळे काढले, पटल सोड्याच्या गरम पाण्याने दोन वेळा धुतले, आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ येऊ लागले.

आता त्या कारखान्यात दोन खड्डे आहेत, एक फरशीच्या पाण्याचा आणि एक कूलंटचा, आणि दुसऱ्यावर लोखंडी झाकण आहे. झाकणावर त्या वयस्कर गृहस्थांनीच तांबड्या रंगात 'साबण बंद' असे लिहिले आहे. दर महिन्याला उरणारा शंभर लिटर दाट द्रव २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतो, म्हणून तो पिंपात भरून, नोंद करून, परवाना असलेल्या केंद्राकडे पाठवावा लागतो. ह्या खर्चाबद्दल स्नेह्यांची कुरकुर अजून चालूच आहे, आणि ते केंद्र दोन पिंपांसाठी गाडी पाठवत नाही, चार साचेपर्यंत थांबा म्हणते, हीही त्यांची तक्रार आहे.